आवक चालू, जावक बंद

धाकटीने तेहतीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात टायपिंग केलं. दावे, जबान्या, समन्स, निकालपत्रं. दुसऱ्यांच्या भांडणांचे हजारो कागद तिच्या बोटांखालून गेले. कोर्टात तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत आणि घरात धाकटी. घरात तरी होतं कोण? वडील आणि थोरली बहीण. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. आता तिला धाकटी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ती ताई. आणि ताई राहायची रेल्वेने सकाळी निघालं तर दिवेलागणीला पोचावं एवढ्या लांब.

ताई म्हणजे कडक काम. तिचा शिवणक्लास होता. शिवण अर्ध्या बोटाने वाकडी गेली तरी उसवायला लावायची आणि उसवणाऱ्या मुलीच्या डोक्याशी उभी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पन्नाशीनंतर तिला ऐकायला कमी येऊ लागलं आणि साठी उलटेपर्यंत कान पार गेले. यंत्र लावून पाहिलं, तर त्यात नुसती शिट्टी वाजायची. फोनचा प्रश्न तिथेच मिटला. मोबाइलवरची बारीक अक्षरं तिला दिसत नसत आणि अंगठ्याने लिहिणं तिला पटत नसे. "देवाने दहा बोटं दिलीत, दहाही वापरावीत," असं ती म्हणे. या एका बाबतीत दोघी बहिणींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. दोघींनी टेबलावरचे मोठे कॉम्प्युटर घेतले, आणि दर आठवड्याला एक ईमेल तिकडून आणि एक इकडून असा शिरस्ता पडला. दोघी त्याला पत्रच म्हणायच्या.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. सकाळची कामं उरकली, ओटा पुसून झाला, की अकराच्या सुमारास ती हात कोरडे करून खुर्चीत बसायची. पाठ ताठ, मनगटं उचललेली, नजर समोर. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बाईंची परीक्षा चालू आहे. पत्र लिहून झालं की ती पाठवायचं बटण दाबायची, पत्र पडद्यावरून नाहीसं व्हायचं, आणि ते ताईकडे गेलं याबद्दल तिच्या मनात शंकेला जागा नसायची. पेटीत टाकलेल्या पाकिटामागे कुणी हात घालून बघतं का?

एकदा ताईचं नेहमीपेक्षा लहान पत्र आलं.

"वरची खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला आहे. तुझं टेबल जिन्यातून जाईल, मी टेपने मोजलंय. तू इकडे राहायला ये. कायमची. एकदाच विचारते. उत्तर आलं नाही तर नाही म्हणालीस असं समजेन, आणि त्याचा राग धरणार नाही."

धाकटीने ते पत्र तीनदा वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली आणि परत येऊन चौथ्यांदा वाचलं. ताईने आपणहून कधी कुणाला काही मागितलं नव्हतं. मागायची तिची ही पद्धत होती: मागायचं, आणि मागितल्याबरोबर पाठ फिरवायची.

त्याच दिवशी धाकटीने उत्तर लिहिलं. लांबलचक. येते म्हणाली. काय आणणार, काय देऊन टाकणार, याची यादी दिली. लोखंडी कपाट इथेच ठेवते, पण बाबांची आरामखुर्ची आणू का, असं विचारलं. पत्र पाठवून झाल्यावर कितीतरी वेळ ती घरात उगाचच वस्तूंना हात लावत फिरत होती.

उत्तर आलं नाही.

आठवडा गेला, दोन गेले. तिला वाटलं, ताई विचार करत असेल. मग वाटलं, आरामखुर्चीचं नाव काढलं तेच चुकलं. दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं. पाच महिन्यांत पाच पत्रं गेली, आणि तिकडून एका ओळीचं उत्तर नाही. ताई आजारी असेल म्हणावं तर तेही नव्हतं. जुन्या विद्यार्थिनींना ती महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ईमेल पाठवायची, नव्या कटिंगची आकृती काढून. त्या यादीत धाकटीचंही नाव होतं. ते पत्र पाचही महिने बिनचूक आलं. बाह्यांचं माप, गळ्याचं माप, आणि खाली "सर्वांना शुभेच्छा". पन्नास जणींना शुभेच्छा देणारी ताई सख्ख्या बहिणीला मात्र एक अक्षर लिहीत नव्हती. धाकटीच्या ते फार जिव्हारी लागलं. दर महिन्याला ती ती आकृती उघडायची आणि बाह्यांच्या मापांमध्ये कुठे आपल्यासाठी काही लिहिलंय का ते शोधायची.

ताईच्या शेजाऱ्यांकरवी फोनने निरोप देता आला असता. ताईच्या समोरच्या घरातल्या माणसांचा नंबर होता तिच्याकडे. दोनदा तिने तो लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगायचं परक्या माणसाला? माझ्या बहिणीला विचारा, तिने मला बोलावलं होतं ते अजून धरून आहे का?

अकरा वाजता खुर्चीत बसायची सवय मात्र सुटली नाही. बसायची, नवीन पत्रं आणायचं बटण दाबायची, आणि खालची हिरवी पट्टी भरेपर्यंत श्वास रोखून धरायची. चष्म्याच्या दुकानाची जाहिरात यायची. बँकेची सूचना यायची. पट्टी भरायची आणि संपायची. मग ती पुन्हा एकदा दाबायची, न जाणो म्हणून.

हे असंच किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं एक काम मध्ये आलं. संघटनेच्या चिटणिसांनी तिला सभासदांची यादी टाइप करून ईमेलने पाठवायला सांगितलं. तिने दोन दिवसांत पाठवली. चार दिवसांनी चिटणिसांचा फोन आला.

"बाई, यादीचं काय झालं?"

"पाठवली की."

"आली नाही."

तिने पुन्हा पाठवली. पुन्हा फोन. "बाई, तुम्ही विसरला असाल तर तसं सांगा, मी दुसऱ्या कुणाला देतो."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तेहतीस वर्षांत तिच्या हातून गेलेला एक कागद गहाळ झाला नव्हता. फोन ठेवला तो तिने तडक लाइनमनला लावला.

लाइनमन पूर्वी खरंच टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खांबावर चढण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर कॉम्प्युटरची कामं करू लागला. पण लोकांच्या तोंडी लाइनमन बसलं ते बसलंच. धाकटीचा कॉम्प्युटर त्यानेच मांडून दिला होता. सकाळी साडेदहाला तो आला, चपला दाराबाहेर जोडून ठेवल्या, आणि स्टुलावर बसून हनुवटी खाजवत पडद्याकडे बघू लागला.

"काय होतंय, बाई?"

"काही होत नाही. मी पाठवते आणि माणसं म्हणतात आलं नाही. संघटनेचा कॉम्प्युटर बिघडलेला असणार."

"असेल," लाइनमन म्हणाला. तो कधी कुणाचं म्हणणं लगेच खोडत नसे. "पण आधी आपलं घर बघू, मग शेजाऱ्याचं."

त्याने आधी इंटरनेट चालतं का पाहिलं. चालत होतं. मग पत्रं आणायचं बटण दाबलं. एक जाहिरात आली.

"म्हणजे येतंय," तो म्हणाला. "आता एक करा. स्वतःलाच एक पत्र पाठवा. चार शब्द लिहा काहीही."

"स्वतःला?"

"दुसऱ्या कुणाला त्रास कशाला? गेलं तर इथेच येईल, लगेच कळेल."

धाकटीने स्वतःचाच पत्ता टाइप केला. मजकुरात काय लिहावं ते सुचेना. शेवटी "कशी आहेस?" एवढं लिहून तिने बटण दाबलं. पत्र पडद्यावरून गेलं. लाइनमनने पत्रं आणायचं बटण दाबलं. पट्टी भरली, संपली. काही आलं नाही. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी इंग्रजी चौकट उघडली, आणि धाकटीचा हात सवयीने पुढे झाला व तिने ती बंद केली.

"थांबा, थांबा. हे काय केलंत?"

"ती असते. प्रत्येक वेळी येते. मी ठीक म्हणते आणि घालवते."

"केव्हापासून येते?"

"झाले असतील पाचेक महिने."

पडद्याच्या डाव्या कडेला फोल्डरांची यादी होती, ती धाकटीने अक्षरांना जागा हवी म्हणून कधीच मिटून टाकली होती. लाइनमनने ती उलगडली. त्यात 'आउटबॉक्स' असं लिहिलेलं होतं आणि पुढे कंसात आकडा होता: आठ.

"बाई, तुम्ही कोर्टात होतात ना? आवक-जावक माहीत असेल."

"मला विचारता? जावक रजिस्टर सहा वर्षं माझ्याकडे होतं."

"मग असं समजा, की तुमची आवक चालू आहे आणि जावक बंद. दोन्हीच्या खिडक्या वेगळ्या असतात. येणारी पत्रं एका मशीनवरून येतात, जाणारी दुसऱ्या मशीनवरून जातात. एक चालू असली म्हणून दुसरी चालू असते असं नाही. तुम्ही लिहिलेलं घराबाहेर पडलेलंच नाही. सगळं इथे साचून आहे."

"सगळं म्हणजे?"

त्याने आउटबॉक्स उघडला. सगळ्यात वर आत्ताचं "कशी आहेस?", त्याखाली संघटनेच्या दोन याद्या, आणि त्यांच्याखाली पाच पत्रं. पाचही ताईच्या नावची.

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. सगळ्यात तळाशी ते होकाराचं पत्र होतं. तारखेसकट.

"उत्तर नाही आलं तर नाही समजेन," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

लाइनमनने वळून बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. खांबावर चढणाऱ्या माणसाला लोकांच्या खिडक्यांतून आतलं बरंच काही दिसतं, आणि दिसलं तरी बघायचं नाही हेही त्याला येतं. "पाणी देता का थोडं?" असं त्याने विचारलं. तहान लागली म्हणून नव्हे. धाकटी आत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

ती परत आली तेव्हा त्याने ती इंग्रजी चौकट पुन्हा उघडून वाचली होती.

"मध्यंतरी इंटरनेटची कंपनी बदललीत का?"

"पूर्ण बिल्डिंगने बदलली. त्यांनी येऊन नवीन पेटी बसवली भिंतीवर."

"तिथेच घोडं अडलंय. तुमच्या प्रोग्रॅममध्ये पत्रं बाहेर जाण्याचा जुना दरवाजा लिहिलेला आहे. पंचवीस नंबरचा. जुनी कंपनी तो उघडा ठेवायची. नवी ठेवत नाही, कारण त्या दारातून लोक फुकटच्या जाहिराती लाखांनी सोडतात. आता पाचशे सत्याऐंशी नंबरच्या दाराने जायचं. तिथे पहारेकरी आहे, तो नाव विचारतो, मगच सोडतो."

त्याने सेटिंग उघडलं, नंबर बदलला, सुरक्षित जोडणीची खूण केली. जाणाऱ्या पत्रांसाठीही नाव आणि पासवर्ड द्यायचा, अशा अर्थाच्या ओळीपुढचा चौकोन रिकामा होता, तिथेही खूण केली. मग हात बटणाकडे नेला आणि थांबला.

"एक गोष्ट आधीच सांगतो, बाई. हे जमलं, की यात साचलेलं सगळं एका दमात निघून जाईल. आठच्या आठ. काही ठेवायचं असेल तर आत्ताच बघा."

धाकटीचे हात मांडीवर एकमेकांत अडकले. "एकेक पाठवता नाही येत?"

"येतं. मी भिंतीवरच्या पेटीची वायर काढून ठेवतो. काही जाणार नाही. तुम्ही निवांत वाचा, नको ते काढा. मी गॅलरीत आहे."

तो वायर काढून गॅलरीत गेला आणि खालच्या रस्त्याकडे पाठमोरा उभा राहिला.

धाकटीने खालून वर वाचायला सुरुवात केली. पहिलं पत्र आनंदाचं. ते वाचताना तिला स्वतःचीच कीव आली. कपाट, आरामखुर्ची, उशांचे अभ्रे, काही सोडलं नव्हतं. दुसरं चार ओळींचं: माझं पत्र मिळालं ना, आरामखुर्ची नको असेल तर नको.

तिसरं उघडायच्या आधी ती थांबली. त्यात काय आहे ते तिला पाठ होतं.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ताईचं लग्न होऊन गेलं होतं आणि धाकटी सव्वीस वर्षांची होती. कोर्टात एक स्टेनोग्राफर होता, शांत, डावखुरा. त्याने तिला विचारलं होतं. तिने ताईला कळवलं, तेव्हा कागदावर, शाईने. ताईचं उत्तर आलं ते एका ओळीचं: "मग बाबांचं कसं होईल?" धाकटीने स्टेनोग्राफरला नाही सांगितलं. त्याची बदली झाली. वडील त्यानंतर चोवीस वर्षं जगले. त्या एका ओळीबद्दल दोघी बहिणी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. आणि दोन महिने उत्तर न आल्यावर, ताईने बोलावून फिरवलं असं वाटल्यावर, धाकटीने ते सगळं तिसऱ्या पत्रात ओतलं होतं. "तेव्हा एका ओळीने मला इथे बसवलंस. आता एक ओळसुद्धा लिहवत नाही?" असं त्यात होतं. आणि त्याहून वाईटही होतं.

चौथं दोन दिवसांनंतरचं, माफीचं: मागचं वाचू नकोस, वाचलं असलंस तर विसर. पाचवं गेल्या महिन्यातलं: माझं इथे छान चाललंय, खोलीचं मनावर घेऊ नकोस, मला यायचं नाहीच. हे सरळसरळ खोटं होतं.

तिने पाचवं काढून टाकलं. त्यासाठी विचार करावा लागला नाही. मग तिसऱ्यावर बोट नेलं आणि बोट तिथेच राहिलं. हे पत्र काढलं तर चौथ्यातल्या माफीला अर्थ नाही, म्हणजे तेही काढायचं. राहतील दोन, गोड गोड. ताईला वाटेल, धाकटी पाच महिने आनंदात खुर्चीत बसली होती. आणि पस्तीस वर्षं पोटात ठेवलेलं पुन्हा पोटातच जाईल. आता ती एकसष्ट वर्षांची होती आणि ताई अडुसष्ट. हे सांगायला आणखी किती दिवस मिळणार होते?

ती गॅलरीच्या दारात गेली. "भाऊ, लावा वायर."

"बघितलंत सगळं?"

"बघितलं. लावा."

पण पत्रं गेली नाहीत. पुन्हा चौकट आली. धाकटीने ती घालवली नाही, नुसतं बोट दाखवलं. लाइनमनने ती चौकट वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही दुसरी चौकट आहे. आता दारापर्यंत पोचलो. पहारेकरी म्हणतो, पासवर्ड चुकला. तुम्ही पासवर्ड बदललात का मध्ये?"

"त्यांनीच बदलायला लावला. मी बदलला."

"येणाऱ्यासाठी बदललात. जाणाऱ्यासाठी जुनाच राहिलाय. घाला नवीन, मी तिकडे बघतो."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. धाकटीने पासवर्ड टाइप केला आणि बटण दाबलं.

हिरवी पट्टी सरकू लागली. आउटबॉक्सपुढचा आकडा सहा झाला, पाच झाला. धाकटी तोंडावर हात ठेवून बघत होती. तीन, दोन, एक. मग आकडाच गेला. लगेच वर एक नवीन पत्र टपकलं. तिच्याच नावाचं, तिच्यासाठी: कशी आहेस?

"झालं," लाइनमन म्हणाला. "आणि आता पाठवलं की त्या 'सेंट'मध्ये, म्हणजे गेलेल्या पत्रांच्या यादीत, बघत जा. तिथे दिसलं तर गेलं. ती चौकट आली तर मला बोलवा, घालवू नका." दारात चपला घालताना तो म्हणाला, "उशिरा पोचलेली पत्रं मी खूप बघितलीत, बाई. लोक तारीख बघतात. तारखा आहेत त्यावर."

त्यानंतरचे नऊ दिवस धाकटीला पाच महिन्यांपेक्षा मोठे गेले. आधी निदान राग होता, त्याचा आधार होता. आता नुसती वाट होती. ती अकराला बसायची, मग बाराला, मग चारला. भांडी घासता घासता हात पुसून यायची. जिन्यात पावलं वाजली तरी तिला ताईच दिसायची, हातात पिशवी, कपाळाला आठी. ताईच्या पायांचा आवाज कसा होता ते आठवायचा ती प्रयत्न करी आणि आठवायचा तो परकर घालणाऱ्या मुलीच्या धावण्याचा, सात वर्षं पुढे असलेल्या बहिणीचा, जिच्यामागे ती जन्मभर पळाली आणि जिला गाठणं कधी जमलं नाही.

दहाव्या दिवशी पत्र आलं.

"धाकटे, सगळी पत्रं वाचली. तारखा बघितल्या. तुझं उत्तर नाही, म्हणून मीही लिहिणं थांबवलं होतं. मी तीन महिने खोली रिकामी ठेवली होती. दर आठवड्याला झाडून घ्यायची. मग हॉस्पिटलातली एक नर्स जागा शोधत आली. अकरा महिन्यांचा करार केलाय. अजून नऊ महिने आहेत. पोरगी चांगली आहे, तिला मध्येच जा म्हणणं मला जमणार नाही.

"तिसरं पत्र दोनदा वाचलं. चौथ्यात विसर म्हणतेस, ते नाही विसरणार. ती ओळ मी लिहिली होती. मला चांगली आठवते. तू लग्न केलंस तर बाबा माझ्याकडे येतील, आणि सासरी मला ते निभावता येणार नाही, अशी भीती वाटली. म्हणून लिहिली. तुझं काय होईल तेही मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणणार नाही. हे तुला कधीतरी सांगायचं होतं. खोली त्यासाठीच होती, थोडीशी.

"नऊ महिने थांबशील का? मध्ये आठ दिवस येऊन जा. कायमची येताना आरामखुर्ची आण."

धाकटीने पत्र वाचलं. रडली नाही. कॉम्प्युटर बंद केला, आणि दुपारभर वडिलांच्या त्या आरामखुर्चीत बसून राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ताईला कळलंच नसेल. कळलं होतं. हे बरं की वाईट ते तिला त्या दिवशी ठरवता आलं नाही, आणि पुढेही आलं नाही. पण छातीवरचं एक वजन जागचं हललं, एवढं नक्की.

महिन्याभराने ती गेली. स्टेशनवर ताई आली होती. मध्ये सहा वर्षं भेट नव्हती. ताईची उंची कमी झाली होती, आणि धाकटीला तेच आधी दिसलं. ताईने तिच्या पोशाखाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "खांद्यात ढगळ आहे." कान गेलेल्या माणसांसारखी ती मोठ्याने बोलायची, त्यामुळे फलाटावरच्या दहा माणसांनी वळून धाकटीचे खांदे बघितले.

घरात बोलण्यासाठी त्यांनी एक रीत काढली. दोघी कॉम्प्युटरपुढे शेजारी बसायच्या. धाकटी टाइप करायची, पडद्यावर बोटभर उंचीची अक्षरं उमटायची, ताई ती वाचून तोंडाने उत्तर द्यायची. धाकटीचं टायपिंग इतकं झपाट्याचं की ताई म्हणाली, "हळू बोल." त्यावर दोघी हसल्या. एका सकाळी ताईने आपणहून विचारलं, "तो स्टेनोग्राफर कसा होता गं?" धाकटीचे हात कळांवर थांबले. मग तिने लिहिलं: डावखुरा होता. थोड्या वेळाने लिहिलं: खाली मान घालून हसायचा. ताईने वाचलं, मान हलवली, आणि तिच्या मनगटावर हात ठेवला. त्यामुळे पुढे काही टाइप करता आलं नाही.

वरची खोली धाकटीने एकदाच बघितली. नर्स कामावर जायच्या घाईत होती. "या ना मावशी, आत या," म्हणाली. धाकटी उंबऱ्याशीच उभी राहिली. दोरीवर पांढरा गणवेश वाळत होता, खिडकीशी दुसऱ्याचं टेबल होतं, त्यावर वेण्यांचे रबर आणि अर्धी उघडी वही. ऊन थेट पलंगापर्यंत आलं होतं. इथे आपण सकाळी बसलो असतो तर डोळ्यांवर आलं असतं, पडदा लावावा लागला असता, असं तिच्या मनात आलं. "छान आहे," ती म्हणाली आणि खाली उतरली.

आठ दिवस संपले. ताई पुन्हा स्टेशनवर आली. गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि धाकटीकडे ना कळा होत्या ना पडदा. तिने खिडकीतून ओठ मोठे करत म्हटलं, "मी येते."

"काय? पाणी? आहे ना तुझ्याकडे."

"येते म्हणाले. राहायला."

"खायला? डबा पिशवीत वर ठेवलाय."

शेजारच्या प्रवाशाने हसू लपवायला पेपर तोंडासमोर धरला. धाकटीने नाद सोडला आणि दोन्ही हात गजांबाहेर काढून आठ बोटं दाखवली. आठ महिने. ताईला ते समजलं. तिने स्वतःची आठ बोटं वर केली, एकेक मोजल्यासारखी बघितली, आणि त्यातलं एक मिटून घेतलं. या महिन्याचे चारच दिवस उरले होते, ते ती धरणार नव्हती. गाडी हलली तरी ताईचे हात वरच होते, सात बोटं उघडलेले, आणि ती गाडीबरोबर चार पावलं चालली.